दहा मिनिटं

तिने धाकट्या पोराचा शर्ट उलटा केला, खिशात दोन बोटं घातली आणि ती तिथंच थबकली. सिगारेट. एकच, घामानं मऊ पडलेली, मध्येच वाकलेली.

कपडे भिजवायच्या आधी खिसे चाचपायची तिची सवय जुनी. नवऱ्याच्या खिशातून तिने तीस वर्षं विड्यांच्या तंबाखूचा भुगा झाडला होता, आणि त्याची छाती भात्यासारखी वाजायला लागल्यावर आठ महिने त्याच्या तोंडापुढं थुंकायचं भांडं धरलं होतं. धाकटा अलीकडे सकाळी खाकरायचा. हवा बदलली, असं ती स्वतःलाच सांगत आली होती. तिने सिगारेट त्याच्या धुतलेल्या शर्टाच्या खिशात गुपचूप ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी तिने त्याचा डबा मुद्दाम फळीमागं सरकवला आणि दुपारी तो घेऊन स्वतःच कारखाना गाठला. मागच्या पायऱ्यांवर सातआठ जण धूर काढत बसलेले. मधोमध धाकटा. ओठांत सिगारेट.

"लाज विकून खाल्लीस का रे?" ती कडाडली. "बापाला पोचवून तीन वर्षं नाही झाली!"

"आई, हळू. पेटवलेली नाहीये. बघ तरी."

तिने ती हिसकावून डोळ्यांजवळ नेली. टोक कोरं होतं.

"मग तोंडात कशाला? शोभेला?"

"सुट्टीला. सिगारेट ओढणाऱ्यालाच भट्टीवरून दहा मिनिटं बाहेर सोडतात. नुसता आलो की फोरमन विचारतो, तुझं काय काम इथं?"

तिने मान वर केली. काचेमागं ऑफिसातली माणसं कप घेऊन गप्पा मारत उभी होती.

"आणि हे?"

"त्यांना चहाची सुट्टी असते. त्यांच्यात कोणी ओढत नाही."

"मावशी, चार महिने एकाच सिगारेटवर काढलेत त्याने," पायरीवरचा एक जाडा म्हणाला. "असा चिकट माणूस बघितला नाही!"

सगळे हसले. जाड्याचं हसू खोकल्यात गेलं आणि खोकला काही थांबेना. बाकीचे दुसरीकडे बघत राहिले. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. तिने डबा धाकट्याच्या हातात कोंबला आणि ती निघाली.

तरी शेजारणीपुढं तिने मान ताठच ठेवली. "माझा पोरगा धुरात बसेल, पण धूर पिणार नाही. माझ्या वळणावर गेलाय."

पुढच्या धुण्याला तिने बादली भरली, शर्ट उलटा केला. या वेळी खिशात सिगारेट नव्हती. काडेपेटी होती.

दुसऱ्या कोणाची असेल. त्या जाड्याचीच असेल. तिने पेटी कानाशी नेऊन हलवली. आत दोनतीनच काड्या वाजल्या.

आतल्या खोलीत धाकटा खाकरला.

"आई," त्याने विचारलं, "खिसे बघितलेस का गं?"

तिने काडेपेटी परत खिशात सरकवली, शर्ट बादलीत घातला.

"बघितले," ती म्हणाली. "काही नव्हतं."

आणि वर येणारे बुडबुडे थांबेपर्यंत तिने तो दोन्ही हातांनी पाण्याखाली दाबून धरला.