शेपटीची साक्ष

दीपमालाने पाल पाळली होती. पाळली म्हणजे पिंजऱ्यात नव्हे. शाळेच्या खिचडीच्या खोलीत ती भिंतीवर राहायची आणि दीपमालाने काडीच्या टोकाला माशी लावून धरली की खाली येऊन खायची. दीपमाला तिला मावशी म्हणायची. पोरंही बघायला जमायची. मला किळस यायची, पण दीपमाला खिचडी चांगली शिजवायची, म्हणून मी गप्प बसायचो. गप्प बसणं मला चांगलं जमतं.

मी पांढरकवड्याहून मोटारसायकलने या गावात शिकवायला यायचो. पावसाने आणि पडलेल्या भावाने मिळून कापूस बुडवला, ती वर्षं. एरवी खिचडीच्या कामाला नाक मुरडणाऱ्या मोठ्या घरांनाही आता ते काम हवंसं झालं होतं. शाळा समितीचे अध्यक्ष सदाशिवराव ते आपल्या भावजयीसाठी मागत होते. दीपमाला बौद्ध मोहल्ल्यातली, नवरा वारलेला, पदरात दोन लेकरं. ते काम गेलं तर तिला गावात दुसरं काही नव्हतं.

एका दुपारी जेवणाच्या वेळी आरडाओरड झाली, खिचडीत पाल म्हणून. मी धावलो. सदाशिवरावांची नात निकिता, चौथीतली, ताट हातात धरून थिजली होती आणि भातावर पालीची नुसती शेपटी वळवळत होती. मी ती चिमटीत धरून बाहेर फेकली, तर मातीतही तिचं चालूच. तेवढ्यात सदाशिवरावांचा सालदार गडी उकंडा आला आणि त्याने भिंतीवरची, शेपटी तुटून बांडी झालेली पाल झाडूने चेचली. भीतीने चार पोरं ओकली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की दीपमालाने खिचडीत पाल शिजवली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधी निकिता माझ्याकडे आली. रडून डोळे सुजले होते.

"गुरुजी, म्या मावशीले धरलं व्हतं. तिची शेपटी तुटून माह्या ताटात पडली. दीपमालाकाकूनं काईच नाही केलं."

तिला हाताला धरून तसंच सदाशिवरावांच्या घरी न्यायला हवं होतं. पण माझी बायको-पोरं यवतमाळला, बदलीचा अर्ज दोन वर्षं पडून, आणि त्यासाठी वरती शब्द टाकणार होते सदाशिवरावच.

"बरं केलंस, सांगितलंस," मी म्हणालो. "आता कोणाला सांगू नको. मी बघतो."

मी बघितलं ते असं. दुपारी वर्गातच समिती बसली. सदाशिवराव म्हणाले, "पाल पाळणारी बाई पोरायचं जेवण शिजवते. हे कोण्या गावात चालते?"

दीपमाला त्यांच्याशी बोललीच नाही. ती माझ्याकडे वळली. "गुरुजी, शेपटी तुमी उचलली. वळवळत व्हती का नाही? तासभर चुलीवर शिजली असती तर वळवळली असती का?"

सदाशिवरावांची दात कोरायची काडी थांबली. या प्रश्नाला एकच उत्तर होतं आणि ते फक्त माझ्याकडे होतं. दाराशी दप्तर धरून निकिता उभी होती. मी बोलण्याची ती वाट बघत होती.

मी म्हणालो, "माझ्या नीट लक्षात नाही."

दीपमालाने कमरेची खिचडीच्या खोलीची किल्ली काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पंधरा दिवसांत ती लेकरांना घेऊन आदिलाबादकडे वीटभट्टीवर गेली, असं कळलं. भावजयीची खिचडी मी रोज खाल्ली. लाज वाटायची, तरी खाल्ली.

माझ्या बदलीचं पत्र आलं त्याच आठवड्यातली गोष्ट. टेबलावरचा पृथ्वीचा गोल निकिताने माझ्या डोळ्यांदेखत उचलला आणि जमिनीवर सोडला. दोन तुकडे झाले. मी सवयीने विचारलं, "कोणी फोडला?"

ती तिथेच उभी राहिली. माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "माह्या नीट लक्षात नाही, गुरुजी."

वर्ग हसला. मी खाली वाकून तुकडे उचलायला लागलो.