गाडी डावीकडे ओढते

"ही गाडी डावीकडे ओढते," बाई म्हणाल्या.

"गाडी नाही, आईचा हात डावीकडे ओढतो," त्यांचा मुलगा म्हणाला.

पंपवालीने दोघांकडेही पाहिलं नाही. ती गाडीकडे बघत होती. सायीच्या रंगाची, लांब नाकाची, साठीला टेकलेली गाडी. तिच्या शेडमध्ये असली नटवी वस्तू कधी आलीच नव्हती. इथे यायचे ते खोदणाऱ्या यंत्रांचे हात, क्रेनचे जॅक, डंपरचं धूड उचलणारी नळकांडी. सगळी माणसाएवढी, सगळी तेलाने माखलेली. तेलाच्या दाबावर जे जे हलतं ते ते पंपवाली बावीस वर्षं दुरुस्त करत होती. कुठल्या शाळेत शिकली नव्हती. बिघडलेले पंप उघडायचे, चुकायचं, अंगभर तेल उडवून घ्यायचं आणि परत उघडायचे, असं शिकली होती. म्हणून तिला कुणाच्या बापाची भीती नव्हती.

गाडी चालवत आणली होती एक्सपर्टने. हे नाव त्याला लोकांनी नाही दिलं, त्याचं त्यानेच घेतलं होतं. जुन्या गाड्यांचं त्याचं गॅरेज होतं, त्याच्या पाटीवर तसं लिहिलेलंच होतं. पांढरा एप्रन, एप्रनच्या खिशाला पेन. मेकॅनिकच्या खिशाला पेन दिसलं की पंपवालीच्या डोक्यात तिडीक जायची. पण आत्ता तिने दुसरंच काहीतरी टिपलं होतं. फाटकातून आत येताना हा गडी दोन्ही हातांनी स्टेअरिंग आवळून बसला होता, उजवं कोपर वर काढून. दिवसभर गाड्या हाकणारा माणूस असा कशाला बसेल?

"सुरुवातीपासून सांगा," ती म्हणाली. "एकेकाने."

एकेकाने सांगणं त्या तिघांच्या स्वभावात नव्हतं, पण शेवटी कळलं ते असं. बाई एकाहत्तर वर्षांच्या. एकतीस वर्षं त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. अर्ध्या शहराने आपला पहिला क्लच त्यांच्या शेजारी बसून, घाम पुसत पुसत दाबला. नापास झाला तो एकच, पोटचा पोरगा. त्याने तिसऱ्या दिवशी गाडी थेट रोपवाटिकेच्या कुंड्यांमध्ये घातली आणि तेव्हापासून या गाडीच्या स्टेअरिंगला त्याने हात लावला नाही. आता बिनगिअरची गाडी चालवतो आणि आईला सुरक्षिततेवर व्याख्यानं देतो.

दोन वर्षांपूर्वी गाडीच्या पॉवर स्टेअरिंगमधून तेल गळायला लागलं. एक्सपर्टने सगळी सील बदलून दिली. तेल थांबलं, पण गाडी डावीकडे ओढायला लागली. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. एक्सपर्टने गाडी अलाइनमेंटच्या मशीनवर चढवली, मशीन म्हणालं, सगळं ठीक. बाई परत गेल्या. परत मशीन, परत ठीक. असं पाच वेळा. गेल्या महिन्यात गाडी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका व्हॅनला डाव्या अंगाने घासली. कुणाला खरचटलंही नाही. पण मुलाने किल्ली काढून घेतली. सुनेने मान डोलावली, शेजाऱ्यांनी मान डोलावली, डॉक्टरने तर बाईंचा खांदा दाबून बघून मान डोलावली. म्हातारं माणूस आणि जुनी गाडी यांच्यात कोण चुकतंय असा वाद आला की लोक डोळे मिटून गाडीच्या बाजूने उभे राहतात. गाडीचा भाव तरी वाढत असतो.

"इथे शेवटचं बघायचं," मुलगा म्हणाला. "गाडीत दोष निघाला तर किल्ली आईची. नाही निघाला तर आई पुन्हा कधीच स्टेअरिंगवर बसणार नाही. तिने स्वतः कबूल केलंय."

"केलंय," बाई म्हणाल्या. "पण मला माझे हात माहीत आहेत."

"सगळ्यांनाच आपापले हात माहीत असतात गं आई."

एक्सपर्टने प्लॅस्टिकच्या फाईलमधून पाच कागद काढले आणि पत्ते मांडावेत तसे बॉनेटवर मांडले. "हे बघा ताई. पाच वेळा. एकाही चाकात केसाचा फरक नाही. गाडी मी स्वतः चालवून बघितलीय."

"किती?"

"किती म्हणजे?"

"किती चालवली? गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत?"

एक्सपर्टने कागद सरळ केले.

"बरं," पंपवाली म्हणाली, "मशीनवर गाडी होती तेव्हा इंजिन चालू होतं?"

"इंजिन? उभ्या गाडीचं इंजिन कशाला चालू ठेवायचं? आमच्याकडे बंदच असतं."

"पाचही वेळा बंद?"

"पाचही वेळा."

पंपवाली हसली. ती हसली की शेडमधल्या माणसांना कळायचं, आता कुणाची तरी धडगत नाही.

"ढकला," ती म्हणाली.

"काय?"

"गाडी. न्यूट्रलला टाकते, इंजिन बंद. तुम्ही दोघं मागून ढकला. स्टेअरिंगला कुणी हात लावायचा नाही."

मुलाने बाह्या दुमडल्या, एक्सपर्टने पेन सांभाळलं, आणि दोघांनी धापा टाकत गाडी अंगणातून ढकलली. खालच्या काँक्रीटवर क्रेनसाठी मारलेली एक पिवळी रेघ होती. गाडी त्या रेघेला धरून शहाण्या गाईसारखी सरळ चालत गेली. पंपवालीने दार उघडून वाकून ब्रेक दाबला.

"सरळ!" एक्सपर्ट ओरडला. "बघितलंत? रेघेवरून! दोन वर्षं हेच सांगतोय मी!"

"आई," मुलगा म्हणाला. आवाज मऊ केला होता त्याने, आणि तोच जास्त लागला. "आई, बघितलंस ना?"

बाईंनी आपले दोन्ही तळहात उलटसुलट करून पाहिले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

"हात खिशात ठेवा बाई," पंपवाली म्हणाली. "एवढ्यात कशाला त्यांच्यावर संशय घेताय? अर्धंच झालंय."

तिने पुढे जॅक लावला, पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून उचलली, खाली टेकूला लोखंडी घोडे सरकवले, गाडी हलवून खात्री केली. मग मुलापुढे हात पसरला. "किल्ली."

"आई बसणार असेल तर..."

"कुणीच बसणार नाही. मी बाहेरून हात घालून चालू करते. तुम्ही तिघं तिकडे, भिंतीला पाठ लावून उभे राहा."

इंजिन सुरू झालं. एक क्षण काहीच झालं नाही. मग रिकाम्या सीटसमोरचं ते मोठं, पातळ स्टेअरिंग आपणहून हललं. कुणी अदृश्य माणूस आत बसलाय असं, सावकाश, डावीकडे फिरायला लागलं. अर्धा फेरा, एक फेरा, आणखी. पुढची चाकं त्याच्याबरोबर डावीकडे वळली आणि वळायची थांबली तेव्हा तेलाचा पंप कण्हायला लागला.

मुलाच्या तोंडचं पाणी पळालं. एक्सपर्टचं तोंड उघडं राहिलं, ते मिटायला त्याला वेळ लागला.

"माझे हात इथे आहेत," भिंतीपाशी उभ्या बाई म्हणाल्या.

पंपवालीने इंजिन बंद केलं. "आता कान देऊन ऐका, मी दोनदा सांगत नाही. स्टेअरिंग फिरवलं की खालचा एक व्हॉल्व्ह सरकतो आणि तेल चाकांना त्या बाजूला ढकलतं. फिरवलं नाही की व्हॉल्व्ह बरोबर मधे बसला पाहिजे, म्हणजे तेल कुणालाच ढकलत नाही. हा मधे बसत नाही. केसभर बाजूला आहे, त्यामुळे इंजिन चालू असेपर्यंत तेल गाडीला डावीकडे ढकलत राहतं. इंजिन बंद, दाब बंद, गाडी सरळ. तुमचं मशीन पाचही वेळा झोपलेल्या माणसाची चाल तपासत होतं."

"सील मी नीट बसवली होती," एक्सपर्ट म्हणाला.

"सील नीटच आहेत. सीलबद्दल कोण बोलतंय? व्हॉल्व्हच्या टोकाचा नट कसा लावलात?"

"मोजून आवळला."

"कशाने मोजून?"

एक्सपर्टने इकडे तिकडे पाहिलं. "अंदाजाने," तो म्हणाला.

पंपवाली गाडीखाली शिरली. चाकं ढकलणारा दट्ट्याचा दांडा तिने गाडीच्या सांगाड्यापासून सोडवला, आता तो मोकळा लोंबकळत होता. "चालू करा!" ती खालून ओरडली. बाईंनी किल्ली फिरवली, कारण किल्ली गाडीलाच राहिली होती आणि या वेळी त्यांना कुणी अडवलं नाही. दांडा आपणहून बाहेर यायला लागला. पंपवालीने नटावरची टोपी काढली, पाना लावला आणि नट नखभर फिरवला. दांडा मंदावला. आणखी नखभर. थांबला. इथे घाईचा माणूस समाधानाने बाहेर येतो. ती आली नाही. तिने नट तसाच पुढे फिरवत नेला, दांडा उलटा आत जायला लागेपर्यंत, आणि मग त्या दोन जागांच्या बरोबर मधे आणून सोडला. दांडा पुन्हा जोडला. या वेळी इंजिन सुरू झालं तेव्हा स्टेअरिंग जागचं हललं नाही.

"चला बाई," ती तेलकट हात पुसत म्हणाली. "चालवा."

शेडच्या मागे गोदामांचा रुंद रस्ता होता, त्या वेळी रिकामा. बाई स्टेअरिंगवर, पंपवाली शेजारी, मागे मुलगा आणि एक्सपर्ट गुडघे जुळवून बसलेले. बाईंनी पहिला टाकला, दुसरा टाकला. इतकं सफाईदार, की गिअर बदलला हे पोटाला कळलं नाही.

आणि गाडी उजवीकडे जायला लागली.

आधी थोडी, मग चांगलीच. उजवीकडची गोदामं जवळ आली. "आई!" मुलगा किंचाळला. बाईंनी ब्रेक दाबला, गाडी थांबली.

"बघा!" मुलगा म्हणाला. "आता उजवीकडे! म्हणजे दोष गाडीत होता, ठीक, पण हातातही आहे!"

"नट जास्त फिरला," एक्सपर्ट म्हणाला. त्याच्या आवाजात जीव परत आला होता.

बाईंनी पंपवालीकडे पाहिलं. एकतीस वर्षं दुसऱ्यांना धीर दिलेला तो चेहरा एकदम लहान झाला होता. "अगं, खरं सांग. मीच आहे का?"

पंपवालीने मनातल्या मनात नट एकदा तपासला. तो होता तिथेच होता. तिचं काम तिला माहीत होतं, त्यात शंका घ्यायची तिला सवय नव्हती. मग राहिलं काय? तिने बाईंच्या हातांकडे पाहिलं. डावा हात हलका, बोटं टेकलेली. उजवा मात्र खाली सरकून स्टेअरिंगला आवळून बसलेला, मनगटाच्या शिरा वर आलेल्या, खांदा एका बाजूला झुकलेला. गाडी उभी होती, तरी तो हात खेचतच होता.

"बाई, शिकणारं पोर असं आवळून बसलं तर तुम्ही काय सांगायच्या?"

"हात सोड म्हणायचे. गाडीला विचार तिला कुठे जायचंय."

"मग विचारा."

"हात सोड?" मुलगा मागून म्हणाला. "ओ मॅडम, काय बोलताय..."

"तुम्ही गप बसा. तुमचा विषय कुंड्या."

बाईंनी गाडी रस्त्याच्या मधे आणली, सरळ केली, बेताचा वेग धरला. मग पाय ब्रेकच्या वर ठेवून दोन्ही हात उचलले. स्टेअरिंगपासून चार बोटं वर, तसेच धरले.

गाडी सरळ गेली. पहिलं गोदाम गेलं. दुसरं गेलं. दुसऱ्याच्या दारात बसलेला पहारेकरी, बिनहाताने चालणारी गाडी बघून, हातातला चहाचा कप घेऊन उभा राहिला. तिसरं गेलं.

"दोन वर्षं," पंपवाली मागे वळून म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढला होता, "दोन वर्षं ही बाई बिघडलेली गाडी सरळ चालवत होती. रोज, प्रत्येक वळणावर, उजव्या हाताने तेलाशी झुंजत. तिच्या जागी तुम्ही असता तर आठवड्यात नाल्यात गेला असता. हात कमजोर म्हणे! एवढा खमका हात मी क्रेनवाल्यांचा बघितला नाही. गाडी आज सुधारली, हाताला अजून कुणी सांगितलं नाही, म्हणून तो खेचतोय. चार दिवसांत सोडेल."

"चार दिवस कशाला?" बाई म्हणाल्या. त्यांनी स्टेअरिंग पुन्हा धरलं होतं, बोटांच्या टोकांनी. "मी माणसांची सवय अर्ध्या तासात मोडायचे. माझी मोडायला एवढा वेळ?"

त्या रस्त्याला त्यांनी सहा फेऱ्या मारल्या. पहिल्या दोन फेऱ्यांत गाडी उजवीकडे सरकली की त्या स्वतःलाच दटावायच्या, "ढील दे, ढील दे." तिसरीपासून दटावणं थांबलं. पाचव्या फेरीला त्या दोन बोटांवर गाडी फिरवत होत्या आणि मागच्या दोघांना झोक जात होते. शेडपाशी थांबल्यावर एक्सपर्ट खाली उतरला, घुटमळला आणि पंपवालीला हळूच म्हणाला, "ते मधे आणायचं कसं, परत एकदा दाखवाल? अशा अजून दोन गाड्या दुरुस्त करून दिल्यात मी."

पंपवालीच्या तोंडावर बरंच काही आलं होतं. पण त्या दोन गाड्याही कुणीतरी चालवत असेल, आणि त्यांच्या हातांनाही नावं ठेवली जात असतील. "उद्या घेऊन ये दोन्ही," ती म्हणाली. "आणि त्या माणसांना आजच फोन कर. सांग, तुमचं काही चुकत नव्हतं. माझं चुकलं म्हण. याच शब्दांत."

एक्सपर्टने मान हलवली.

मुलगा मागचं दार उघडून पुढे यायला निघाला होता. "आई, मी शेजारी बसतो. म्हणजे काही लागलं तर..."

"मागेच बस," बाई म्हणाल्या. "पुढे बसलास की नसलेल्या ब्रेकवर पाय दाबत बसतोस, मला हसू येतं."

"पण आई, घरी जाताना बाजाराचा रस्ता नको. गर्दी असते."

"बाजारातूनच जाणार आहे मी."

त्यांनी गाडी सुरू केली, आरशात एकदा पाहिलं, आणि मागे-पुढे एकदाही न करता, एकाच वळणात फाटकातून बाहेर काढली. पंपवाली बघत उभी राहिली नाही. क्रेनचा एक जॅक सकाळपासून उघडा पडला होता, तिने त्यात हात घातला.