लीलाबाईला भ्यायला आवडायचं

इंटरवल झाला की लीलाबाई थेटरातून फोन करायची. म्हणून त्या दुपारी शेंद्र्याला कंपनीच्या गेटवर वॉचमन असलेल्या तिच्या नवऱ्याचा, कडुबाचा फोन वाजला, तेव्हा आज इंटरवल जरा उशिरा झाला एवढंच त्याला वाटलं. त्यानं नेहमीसारखं विचारलं, "काय, किती भ्याली?"

फोन लीलाबाईचा होता, आवाज समोरच्या घरातल्या सुलेखाचा. "भाऊजी," ती म्हणाली, आणि पुढं तिला बोलता येईना. मग कुणीतरी पुरुषानं फोन घेतला आणि सांगितलं, की बाईंना दवाखान्यात आणलंय, पण आणलं तेव्हाच काही राहिलं नव्हतं. कडुबा "बरं" म्हणाला. समोर उभा असलेला ट्रक त्यानं आत सोडला, फाटक लावलं आणि मग खाली बसला.

डॉक्टर म्हणाले, हृदयाची नस बऱ्याच दिवसांपासून चोंदलेली होती. ही पिक्चरला गेली नसती तर भाजी आणताना गेली असती. पण डॉक्टरचं कोण ऐकतं? लीलाबाईचा भाऊ पुंजाराम बिडकीनहून आला आणि मांडवात बसल्या बसल्या ज्याला त्याला सांगू लागला, "पिक्चरनं मारलं माझ्या बहिणीला. भेदरून गेली ती." मयतानंतरच्या पुण्यानुमोदनाला जमलेल्या लोकांना ते पटलं. एक जण म्हणाला, "बौद्धाच्या बाईनं भुताचे पिक्चर बघायचेच कशाला? आपल्यात भूत असतं का?"

याचं उत्तर लीलाबाईकडं होतं. ती विहारात वंदनेला पहिल्या ओळीत बसायची आणि भुतावर तिचा तिळभर विश्वास नव्हता. ती म्हणायची, "नाय म्हणून तर बघते. सिद्धार्थ उद्यानात वाघ बघायला जातोच ना आपण? तो पिंजऱ्यात असतो म्हणूनच जातो. मोकळा असता तर गेलो असतो का?"

कडुबा विचारायचा, "पण पैसे देऊन भ्यायचं कशाला? घरात काय कमी आहे?"

"घरात लई आहे. पोराच्या नोकरीची आहे, तुमच्या शुगरची आहे, माझ्या छातीत कळ येती त्याची आहे. तिथं एकच भीती असती, अन तीबी दुसऱ्याची."

छातीतल्या कळेबद्दल ती असं मध्येच बोलून जायची. कडुबाला वाटायचं, गॅस असेल.

ती सुलेखाला घेऊन बाराच्याच खेळाला जायची. पिक्चर सुटला की बाहेर ऊन असायला पाहिजे, अशी तिची अट होती. भुताचा पिक्चर असला की नायलॉनची पातळ साडी नेसायची, कारण भीतीचं काही आलं की ती तोंडावर पदर ओढून घ्यायची आणि पदरातून बघायची. एकदा जाड सुती साडी नेसून गेली, तर अर्धा पिक्चर दिसलाच नाही म्हणून परत गेली.

कडुबा तिच्याबरोबर एकदाच गेला होता. पडद्यावर नुसतं दार करकरलं आणि तो मुतारीला म्हणून उठला तो बाहेर भजी खात बसला.

त्या दिवशीही तिनं पदर ओढून घेतला होता. सुलेखाला वाटलं, ताई भ्याल्यात. इंटरवलला दिवे लागले तरी पदर तसाच. सुलेखा म्हणाली, "ताई, संपलं ना भूत. चला, समोसा घेऊ." मग तिनंच ताईंचा पदर बाजूला केला.

पुंजारामनं मांडवात सुलेखाला सगळ्यांदेखत सुनावलं, "तूच घेऊन जायचीस तिला. शेजारी बसून माणूस मेलं तरी कळलं नाय तुला?" सुलेखा चहाचे कप गोळा करत होती. कप तिथंच ठेवून ती घरी गेली आणि त्यानंतर आली नाही. कडुबा तिथंच बसला होता.

त्याला एकच गोष्ट समजून घ्यायची होती. लीलाबाई भेदरून गेली का? बाकीचं सगळं त्यानं मान्य केलं होतं. पण पदराखाली, एकटी, भेदरलेली, हे चित्र काही डोळ्यांपुढून हलत नव्हतं. ताटावर बसलं की ते हटकून यायचं.

शेवटी एकदा नळाला पाणी आलं, तेव्हा त्यानं सुलेखाला नळावर गाठलं.

"खरं सांग. भ्याली होती का ती?"

सुलेखा हंड्याकडं बघत म्हणाली, "हसत होत्या."

"हसत?"

"व्हय. ते भूत विहिरीतून वर येतं ना, पांढऱ्या साडीतलं, त्याच्या पायात चप्पल होती. निळी, रबराची. मला दिसली नाय. ताईंनी मला कोपरानं ढोसलं. म्हणल्या, 'अगं सुले, विहिरीत पडली तरी रांडेची चप्पल निघाली नाय.' अन हसत हसतच पदर घेतला तोंडावर. मग गप झाल्या."

"हे तू मला बरं वाटावं म्हणून सांगतीस."

"भाऊजी, चपलेचं मी कशाला रचू?" ती म्हणाली आणि हंडा उचलून गेली.

कडुबा विचार करत राहिला. मयताच्या घरी लोक खोटं बोलतात. 'झोपेतच गेले, काही त्रास झाला नाही,' असं त्यानं स्वतःच कितीदा सांगितलं होतं, तिथं हजर नसताना. पण चप्पल ही गोष्ट बघता येण्यासारखी होती.

थेटरातून पिक्चर केव्हाच उतरला होता. तो घरी टीव्हीवर दिसायला लागेपर्यंत कडुबानं वाट बघितली. मग एका रविवारी दुपारी मुलाला, धम्मपालला म्हणाला, "तो विहिरीचा पिक्चर लाव."

"बाबा, कशाला उगीच?"

"लाव म्हणलं ना."

कडुबानं खिडक्या उघड्या ठेवल्या, दार उघडं ठेवलं आणि चहाचा कप घेऊन बसला. वाडा आला, पाळणा हलला, कुत्रं रडलं. मग विहिरीच्या काठावर एक हात आला आणि कडुबा एवढ्या जोरात दचकला, की चहा लुंगीवर सांडला. तो ओरडला. धम्मपालही ओरडला, पण बापाच्या ओरडण्यानं. मग दोघं एकमेकांकडं बघून हसले. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसलं होतं.

लुंगी पुसताना कडुबाच्या ध्यानात आलं, की तो हात वर येत होता तेवढ्या वेळात आपण लीलाबाई गेलेली आहे हेसुद्धा विसरलो होतो. त्याला जरा अपराध्यासारखं वाटलं. मग वाटलं, ती म्हणायची ते हेच असणार.

"मागं घे. पाय दाखव तिचे."

"कुणाचे?"

"भुताचे."

धम्मपालनं मागं घेतलं. साडीचा घोळ, धुकं, चिखल. काही दिसलं नाही. पुन्हा मागं घेतलं. तिसऱ्या खेपेला त्यानं नेमक्या जागी थांबवलं. घोळ जरा वर उचललेला होता आणि खाली निळा पट्टा होता. कडुबा टीव्हीला नाक लागेल इतका जवळ गेला. चप्पलच होती. तसलीच जोडी त्यांच्या मोरीपाशी होती.

"हीच," तो म्हणाला. "बरोबर दिसली तिला." त्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिला.

धम्मपालनं पिक्चर पुढं चालू केला. चपलेनंतर एक गाणं होतं आणि गाण्यानंतर इंटरवल. म्हणजे ती गाण्यात गेली असणार. पिक्चरमधली गाणी तिला कधीच आवडली नाहीत. गाणं लागलं की ती डोळे मिटून घ्यायची.

"पुढचं बघायचं?" धम्मपालनं विचारलं.

"नको. बास."

संध्याकाळी त्यानं बिडकीनला फोन लावला आणि पुंजारामला सांगितलं, "तुझी बहीण भेदरून मेली नाय. हसत होती. परत कुणाला तसं सांगू नको." पुंजाराम म्हणाला, "दाजी, तुम्हाला कसं कळलं?" कडुबा म्हणाला, "बघितलं मी," आणि फोन ठेवला.

सुलेखाचं दार समोरच आहे, मध्ये फक्त गल्ली. ती कडुबाला बघून अजूनही मान खाली घालून जाते. तू खरं बोललीस, एवढं तिला जाऊन सांगायचं राहिलं आहे.