बिनवासाचं क्रीम

पाउचच्या कोपऱ्याला ताईने चिमटा लावला आणि थर अलगद सुटले. ओढावंसुद्धा लागलं नाही.

पाउच तपासणं हेच तिचं काम. बाहेर छापील प्लास्टिक, मध्ये अ‍ॅल्युमिनियमची पन्नी, आत पातळ प्लास्टिक, आणि त्यांना धरून ठेवणारा गोंद. क्रीम भरून पाउच तीन महिने गरम कपाटात ठेवायचे, मग थर ओढून बघायचे. तान्ह्या बाळांच्या या क्रीमचे पाउच तिनेच पास केले होते. तेव्हा ओढता ओढता बोटं दुखली होती! आज हातात होता तो गोदामातल्या, विक्रीच्या मालातला.

तिने तो नाकाशी नेला. लवंगेच्या तेलाचा वास. मग सगळं लख्ख आठवलं.

ताई कामाला वाघीण, पण नाक मेलं भलतंच नाजूक. वास आला की डोकं उठायचं. क्रीम ढवळायच्या खात्यात तिचा सख्खा भाऊ. त्याला तीच म्हणाली होती, "दादा, माझ्याकडे तपासायला बिनवासाचं पाठव रे बाबा." बहिणीवर जीव टाकणारा माणूस, त्याने गुपचूप तसंच पाठवलं. सुगंधी तेल आतल्या प्लास्टिकमधून झिरपतं, गोंद सोडवतं, तो गोंद क्रीममध्ये उतरतो आणि नाजूक कातडी भाजून काढतो, हे ताईला तोंडपाठ होतं. पण तेव्हा डोकं दुखत होतं ना!

ती धावतच मॅनेजरसाहेबांकडे गेली. "साहेब, माल थांबवा. मी तपासलं ते बिनवासाचं होतं."

साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. "वासासकट नमुना दिला, असं तुझ्या भावाने लिहून दिलंय. खोटं कोण बोलतंय, तू की तो?"

"दोघंही खोटं बोललो. नोकरी घ्या आमची, पण ट्रक सोडू नका."

"ट्रक कधीच गेला. बाळंतिणींच्या वॉर्डात पेट्या उतरल्यासुद्धा."

दादा दारात येऊन उभा होता, चेहरा पांढराफटक. "तू म्हणालीस म्हणून पाठवलं गं," तो पुटपुटला. "मला वाटलं, तुला कळत असणार."

ताईला त्याच्याकडे बघवेना. लाजेने जीव नकोसा झाला होता. तिने टेबलावरचा फोन ओढून रुग्णालयाचा नंबर लावला.

"फोन ठेव," साहेब म्हणाले. तिने ठेवला नाही.

बऱ्याच वेळाने एका नर्सने उचलला. मागे बाळं रडत होती.

"दोन मिनिटं थांबा हं," नर्स घाईघाईने म्हणाली, "आत्ताच अंघोळी झाल्यात, क्रीम लावतोय." तिने फोन बाजूला ठेवून दिला. ताई इकडून ओरडत राहिली.