तबकडी आणि फोन यांच्या मधलं तिसरं

मित्रांनो, मी फोन चार्ज करणारी एक जुनी तबकडी आहे. माझ्यावर फोन नुसता ठेवायचा, वायर खुपसावी लागत नाही. माझ्या कडेची रबरी पट्टी सुटली आहे आणि पाठीवर कुणीतरी कोळशाने नंबर लिहून ठेवला आहे. इतक्या वर्षांत मी कुणाचं वाईट केलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. म्हणून तर झाला प्रकार मला अजून पचलेला नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवते ती पोटात तांब्याची तार गुंडाळत जाण्याची गुदगुली. तीच तार माझा जीव. जिंजा शहराच्या बाजारात बालिकोवा नावाच्या फोनदुरुस्तीवाल्याकडे मी दोन पावसाळे पडून होते. तिथून कागोया मला घरी घेऊन आली. ती कपडे शिवते. तिने मला शिलाई यंत्राच्या टेबलावर, दोऱ्याच्या रिळांशेजारी जागा दिली.

मी कागोयाच्या आईसाठी आले होते. तिचं नाव नाइगागा, पण सगळा गाव तिला मुसावो म्हणतो. दवाखान्यातल्या माणसाला आमच्याकडे असंच म्हणतात. ती सुईण. नदीच्या अलीकडच्या सात वाड्यांतली बाळंतपणं तिच्याच हातची. फोन वाजला की ती हातातलं ताट टाकून पळायची. त्या घाईत तिने दोन वायरी तोडल्या होत्या. माझ्यावरून मात्र फोन एका हाताने उचलला की झालं. "ही थाळी म्हणजे माझी धाकटी मुलगी," ती म्हणायची, "न बोलता काम करते." मला धन्य वाटायचं.

मग तिचा जुना फोन एका बाळंतपणात पाण्याच्या घमेल्यात पडून मेला. ज्यांच्या लेकरांना तिने या जगात आणलं होतं त्या बाया एकत्र आल्या आणि त्यांनी तिला नवाकोरा फोन घेऊन दिला. कागोयाने त्याला किटेंगे नावाच्या पिवळ्या-निळ्या छापील सुती कापडाचं कव्हर शिवलं आणि मागच्या बाजूला ओळखपत्रासाठी चोरखिसा ठेवला.

पहिले चार दिवस सगळं छान चाललं. पाचव्या दिवशी फोन माझ्यावर ठेवला आणि मला कळलं, की आमच्या दोघांच्या मध्ये तिसरं काहीतरी आहे. पातळ आणि धातूचं. मी फोनला द्यायला निघालेली ताकद तेच अर्ध्या वाटेत पिऊन टाकत होतं आणि तापत होतं. मी घाबरून थांबले आणि लाल दिवा लुकलुकवला. मला एवढीच भाषा येते.

"आई, ही थाळी डोळे मिचकावतेय बघ," कागोया हसली. तिने फोन जरा सरकवला, मी पुन्हा सुरू झाले, पुन्हा तापले, पुन्हा थांबले. सकाळपासून जेवणवेळेपर्यंत फोन वीसवरून एकतीसवर गेला, बस.

मग माझे हाल सुरू झाले. वायर बदलली. भिंतीत खोचायचं चार्जरचं डोकं बदललं. फोन वर सरकवला, खाली सरकवला, उलटा-आडवा फिरवला. माझं तोंड ओल्या फडक्याने पुसलं. काही उपयोग झाला नाही. "म्हातारी झाली ही," कागोया म्हणाली. मला फार लागलं ते.

एका दुपारी कागोया दोरा आणायला गेली होती. मुसावो घाईने आली, तिने फोन उचलला आणि कव्हरच्या चोरखिशातून चंदेरी कागदाची एक चपटी पट्टी काढली. पट्टीत बारीक बारीक गोळ्या. एका हाताने छाती दाबून तिने एक गोळी जिभेखाली ठेवली आणि शिवणकामाच्या स्टुलावर बसली. ते तिसरं काहीतरी मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. तिला बरं वाटेल म्हणून मी वाट पाहत राहिले. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. कितीतरी वेळाने कळ आपोआप ओसरली. "आता गोळीही ऐकेना," ती पुटपुटली. तिने पट्टी पुन्हा खिशात सारली, फोन माझ्यावर ठेवला आणि डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी तिने मिरेम्बे नावाच्या तरुण नर्सला घरी बोलावलं आणि नाळ कापायची आपली कात्री तिच्या हातात ठेवली. "असू दे तुझ्याकडे. मला आता दिसत नाही नीट," ती खोटंच बोलली. मित्रांनो, माझी तार गोठली. ती निरोप घेत होती, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

त्याच आठवड्यात मुसावोचा फोन बंद असताना एका बाईला कळा सुरू झाल्या. शेजारी धावत सांगायला आला म्हणून निभावलं. कागोया चिडली. तिने आईला, फोनला आणि मला उचलून थेट बालिकोवाच्या टपरीवर नेलं.

"या, मुसावो!" बालिकोवा म्हणाला. "तुमच्या हातात आलं की सगळंच नऊ महिने घेतं वाटतं, फोन भरायलासुद्धा?"

"चेष्टा पुरे, बालिकोवादादा," कागोया म्हणाली. "ही थाळी फेकायची की ठेवायची ते सांग."

त्याने फोनला वायर लावली. फोन झपाझप भरू लागला. "फोन ठणठणीत," तो म्हणाला. मग स्वतःचा फोन माझ्यावर ठेवला. तोही झरझर भरू लागला. बालिकोवाने डोकं खाजवलं. "थाळीही ठणठणीत. म्हणजे भांडण मधल्या कापडाचं. काढा ते कव्हर."

"माझ्या शिवणीला नावं ठेवायची नाहीत हं!"

"कव्हर काढायचं नाही," मुसावो एकदम म्हणाली आणि फोन छातीशी धरला.

"का हो? आत कुणाची चिठ्ठी आहे की काय?" बालिकोवा हसला.

कागोया हसली नाही. तिने आईकडे पाहिलं, हात पुढे केला आणि स्वतः शिवलेल्या खिशात दोन बोटं घातली. पट्टी बाहेर आली. चंदेरी कागद फुगला होता, कडेला काळवंडला होता. गोळ्या पिवळ्या पडून भुगा झाल्या होत्या.

"हे काय आहे, आई?"

"छातीचं औषध." मुसावोचा आवाज उतरला. "वर्ष झालं. कळलं असतं तर मला घरी बसवलं असतं दवाखान्यातल्यांनी. मग सात वाड्यांना कोण?"

"आणि मला? मला पण सांगायचं नाही?"

बालिकोवाने पट्टी बोटावर तोलली. "मुसावो, ही तर भाजलीय. थाळीवर धातू ठेवला की तव्यावर ठेवल्यासारखंच. रोज शेकलीत तुम्ही ही."

मुसावोने पट्टी ओढून घेतली आणि डोळ्यांजवळ नेली. मग ती बाकावर बसली. "उष्णता लागली की ही गोळी मरते," ती म्हणाली. "दहा जणांना मी हेच बजावते. आणि मला वाटलं, माझंच संपत आलं."

मित्रांनो, ते ऐकताना मी त्याच टेबलावर होते. जिने मला मुलगी म्हटलं, तिचं औषध मी महिनाभर रोज भाजत होते! मला लाल दिवा लुकलुकवायचा होता, ओरडायचं होतं, पण माझ्यावर काहीच ठेवलेलं नव्हतं आणि वायरही काढलेली होती.

कागोया रडली नाही. तिने तिथेच मोटारसायकलवाला थांबवला, आईला मध्ये बसवलं आणि दोघी शहराच्या मोठ्या दवाखान्यात गेल्या. मला टपरीवरच विसरल्या. मी बालिकोवाच्या फळीवर तीन दिवस पडून होते. मुसावो गेली की राहिली, काही कळेना. टपरीवर येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे मी बघत होते.

चौथ्या दिवशी ती स्वतः चालत आली. नव्या गोळ्या तिने पोलक्यात, काचेच्या कुपीत ठेवल्या होत्या. "काल कळ आली," तिने बालिकोवाला सांगितलं. "गोळी ठेवली आणि कागोयाने सुईत दोरा ओवेपर्यंत गेली. आता निम्मी कामं मिरेम्बेकडे. मी बसून हुकूम सोडणार."

"मग या थाळीचं काय करू?"

"दे इकडे. बिचारी सांगून दमली."

मित्रांनो, आम्ही वस्तू मंदावलो, तापलो, थांबलो, तर आम्हाला फेकण्याआधी एकदा कव्हर काढून बघा. आमच्यावर नाणं, किल्ली, गोळ्यांची पट्टी असं काही ठेवू नका, कारण काय जाळायचं आणि काय नाही हे आम्हाला कळत नाही. आणि घरातलं कुणी आपल्या वस्तू गुपचूप दुसऱ्यांना देऊ लागलं, तर त्याच्यासमोर बसा आणि "काय झालंय?" असं विचारा. मला ते विचारता येत नाही. तुम्हाला येतं.