चढाखाली थांबलेल्या गाड्या

"एक गाडी, एक खटका. गाडी डोळ्यांसमोर दिसली तरच अंगठा दाबायचा. कोणी सांगितलं म्हणून नाही, आणि दया आली म्हणून तर मुळीच नाही."

रस्तेखात्यातल्या थोरल्या साहेबांनी गाड्या मोजणाऱ्या काकूंना हे बजावले, तेव्हा काकू नोकरीत अगदी नवीन होत्या आणि मी त्यांच्या मुठीत होतो. मित्रांनो, मी गाड्या मोजणारा एक जुना खटका आहे. गोल, पोलादी, मुठीत मावेल एवढा. कळ दाबली की माझ्या पोटातली चाके सरकतात आणि काचेआडचा आकडा एकाने वाढतो. इतकेच माझे काम. पण कोणता रस्ता रुंद करायचा, कुठे बस सोडायची, हे सरकार माझ्या आकड्यावरून ठरवत असे. मग सांगा, मला थोडा ताठा असला तर चुकले का?

कारखान्यातल्या एका बाईंनी मला शंभर वेळा दाबून पाहिले आणि बरोबर शंभर आकडा आल्यावरच डबीत घातले. तिथून मी आलो तो काकूंकडे. वीस वर्षे आम्ही दोघांनी रस्त्याच्या कडेला ऊन, धूळ आणि भोंगे खाल्ले. काकूंचा एक नेम होता. सकाळी स्टुलावर बसल्या की आधी डोळे मिटून हात जोडायचे, मग मला शून्यावर आणायचे. माझ्या आकड्यावरून एक अरुंद पूल रुंद झाला, तेव्हा उद्घाटनाला साहेबांनी मला उंच धरून सगळ्यांना दाखवले होते!

मग कॅमेरे आले. त्यांना ऊन लागत नाही आणि त्यांचा अंगठाही दुखत नाही. मी टेबलाच्या खणात गेलो. टाचण्या, वाळलेली शाई आणि एक मोडका चष्मा यांच्या संगतीत सहा वर्षे पडून राहिलो.

आणि एक दिवस खण उघडला!

"चल रे बाबा, आपली आठवण झालीय," काकू म्हणाल्या आणि त्यांनी मला पदराने पुसले.

सरकारचे नवे धोरण आले होते. ज्या आडगावात पाहण्यासारखे काही आहे, तिथे पक्का रस्ता आणि रोजची बस द्यायची. अट एकच, सलग सात दिवसांच्या मोजणीत रोज सरासरी शंभर गाड्या दिसायला हव्यात. आमच्या वाट्याला डोंगरावरच्या तळ्याचे गाव आले. तिथे विजेचा भरवसा नव्हता, म्हणून कॅमेरा हरला आणि मी जिंकलो.

आम्ही नाववाल्या आजोबांच्या पुढच्या खोलीत उतरलो. आजोबा पाहुण्यांना तळ्यात फिरवायचे. आजींना आठवड्यातून दोनदा शहरातल्या दवाखान्यात रक्त शुद्ध करून घ्यायला जावे लागे. त्यासाठी त्या काठी टेकत सगळा चढ उतरायच्या, आणि परत येताना वाटेत दोनदा दम खायला बसत तोच चढ चढायच्या. बस दाराशी आली असती तर? त्या घरात रोज हाच विषय.

नकाशावर मोजणीची फुली गावाच्या तोंडाशी, चढाच्या माथ्यावर होती. तिथे बसलो. पहिल्या दिवशी बावीस, दुसऱ्या दिवशी एकोणीस. तिसऱ्या दिवशी दुपारी आजोबांनी माझ्या काचेत डोकावून पाहिले.

"अहो बाई, तळ्यावर माणसांची झुंबड आणि ह्यात सतराच? बिघडलाय की काय?"

मला असा राग आला!

"तो ठणठणीत आहे, आजोबा. गाड्याच तेवढ्या आल्या."

"मग दाबा की जरा जास्त. अंगठा तुमचाच आहे ना!"

"अंगठा माझा आहे, आकडा माझा नाही," काकू हळूच म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे.

काठी टेकत आलेल्या आजी मागून कडाडल्या, "त्यांना कशाला भरीला घालता? नावेत सहांच्या जागी नऊ बसवता, तेवढं पाप पुरे!"

आजोबा टोपी सारखी करत निघून गेले. काकूंनी मात्र रिकाम्या रस्त्याकडे पाहिले. इतकी माणसे आली तरी कशाने?

संध्याकाळी तळ्यावरून एक गृहस्थ परतत होते. बूट धुळीने माखलेले, आणि बोटात गाडीची किल्ली फिरत होती. काकूंची नजर त्या किल्लीवर खिळली.

"दादा, गाडी कुठाय तुमची?"

"खाली. ह्या खड्ड्यांतून वर आणायची म्हणजे तिचं पोट फाटायचं! सगळ्यांनीच खाली लावल्यात."

मोजणीची वेळ संपताच काकू मला घेऊन जवळजवळ धावतच उतरल्या. आणि काय सांगू! चढाखालच्या पडीक माळावर गाड्याच गाड्या! काकूंनी मला शून्यावर आणले आणि एकेका गाडीसमोर उभ्या राहून त्या कळ दाबत गेल्या. ऐंशी झाल्या, शंभर झाल्या, तरी माळ संपेना. माझी चाके इतकी गरगरली की सहा वर्षांचा गंज झडला. एकशे चौसष्ट! रस्ता वाईट म्हणून गाड्या वर येत नव्हत्या, आणि गाड्या वर दिसत नाहीत म्हणून रस्ता होणार नव्हता. फुलीच चुकीच्या जागी पडली होती.

काकूंनी तिथूनच धाकट्या साहेबांना फोन लावला.

"जागा बदलायला माझी हरकत नाही," साहेब म्हणाले, "पण मोजणी पहिल्यापासून. सात दिवस सलग, येणारी गाडी येताना मोजायची. आणि आठव्या दिवशी यादी बंद होते. एक दिवस जरी चुकला तरी गाव बाहेर."

"चुकणार नाही, साहेब."

दुसरा फोन मुलाला. तो दोन वर्षांनी, पुढच्याच आठवड्यात घरी येणार होता आणि काकूंनी त्या आठवड्याची रजा काढून ठेवली होती.

"तूच ये इकडे. तळं फार देखणं आहे. गाडी आणलीस तर मोजीन. पण एकदाच हं, मुलगा असलास तरी!"

पलीकडून हसण्याचा आवाज आला. काकूंनी मात्र डोळे टिपले.

जेवणे झाल्यावर आजींनी विचारले, "खाली सावली नाही, बाई. सात दिवस निभेल तुम्हाला?"

काकूंनी त्यांचा सुजलेला हात हातात घेतला. "आजी, उद्यापासून सातही दिवस मी खाली बसेन. हा माझा शब्द."

मित्रांनो, जुनी वस्तू खणात टाकण्याआधी तिला एकदा पुसून पाहा, तिच्यात अजून जीव असतो. आणि उद्या तुम्ही मोठे होऊन कशाची मोजणी करायला बसलात, तर जे पोहोचू शकले नाहीत त्यांना आधी शोधा.

उजाडण्यापूर्वी काकूंनी पाण्याची बाटली भरली, स्टूल काखेत मारले. आत आजींचा डोळा लागला होता, म्हणून त्यांनी कडी आवाज न करता काढली. मग छत्री टेकत, खड्डे चुकवत, त्या चढ उतरू लागल्या.