दुपारचं पाजणं

दोन्ही सुना एकाच वर्षी गरोदर राहिल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "मला हात दोनच आहेत, एवढं ध्यानात ठेवा म्हणजे झालं." थोरलीला लग्नानंतर नऊ वर्षांनी दिवस गेले होते, धाकटीला वर्षाच्या आत. दोघींच्या तारखांत सात आठवड्यांचं अंतर. घराच्या खालीच लाँड्री होती, तिथं थोरली नवऱ्याबरोबर इस्त्रीच्या टेबलापाशी उभी असायची. धाकटी दोन गल्ल्या पलीकडे चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायची. संध्याकाळी जिना चढताना कोणाला आधी धाप लागते यावर दोघींची पैज लागायची, आणि हसण्यातच दोघींना धाप लागायची.

थोरलीचं बाळ पूर्ण दिवसांचं होतं. तारखेच्या आदल्या सकाळी ते हलायचं थांबलं. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांनी दोनदा तपासलं, मग नवऱ्याला बाहेर बोलावलं. थोरली रिकाम्या हातांनी घरी आली आणि आठव्या दिवशी खाली जाऊन तिनं इस्त्री हातात घेतली. बस, विश्रांती घे, असं सगळे म्हणाले. ती म्हणाली, "उभं राहिलेलं बरं वाटतं."

त्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते, आणि धाकटी महिनाभर आधीच बाळंत झाली. मुलगी झाली. दोन किलोला जरा कमी, हातपाय काडीसारखे, पण श्वास चांगला. काचेत ठेवावं लागलं नाही. घोडं अडलं ते पिण्यावर. मुलीचं तोंड एवढंसं आणि धाकटीची बोंडं आत दबलेली. मुलगी तोंड लावायची, दोनदा ओढायची, निसटायची, आणि मग चेहरा लाल करून रडायची. चौथ्या दिवशी धाकटीही तिच्याबरोबर रडायला लागली.

त्या वॉर्डात एक वयस्क सिस्टर होती. आयांना पाजायला शिकवणं हेच तिचं काम, म्हणून सगळे तिला दूधवाली सिस्टर म्हणत. तिनं एक छोटी डबी आणली. आत पातळ, पारदर्शक सिलिकॉनची टोपी होती, मधे फुगीर, टोकाला चार बारीक भोकं.

"याला निपल शील्ड म्हणतात," सिस्टर म्हणाली. "कडा कोमट पाण्यात बुडवायची, टोपी अर्धी उलटी करायची, आणि अशी दाबून बसवायची. बाळाला धरायला काहीतरी मिळतं."

धाकटीनं ती बोटांत धरून पाहिली. चष्म्याच्या नाकावर टेकणाऱ्या गाद्या ती रोज हाताळायची, तेच मऊपण.

"म्हणजे माझं मला जमणार नाही?" तिनं विचारलं.

"तुम्ही काम कुठे करता?"

"चष्म्याच्या दुकानात."

"मग चष्मा लावणाऱ्याला तुम्ही आंधळा म्हणता का?" सिस्टर म्हणाली. "काही आठवडे लागेल. पोरगी मोठी झाली, ओढायची ताकद आली, की काढून टाकायची. मात्र वजनावर नजर ठेवायची. आणि पाजून झाल्यावर उरलेलं दूध हातानं काढायचं, म्हणजे दूध कमी होणार नाही."

मुलगी त्या टोपीला लागली. पहिल्यांदाच निसटली नाही. धाकटीला घोट ऐकू आला नाही, पण टोपीच्या टोकात पांढरं साचलेलं दिसलं, आणि तेवढ्यावर तिनं समाधान मानलं.

घरी आल्यावर त्या टोपीभोवतीच सगळं घर फिरायला लागलं. सासूबाईंनी एक छोटं पातेलं फक्त तिच्यासाठी वेगळं काढलं. प्रत्येक वेळी त्या ती उकळायच्या, निथळवायच्या, स्वच्छ फडक्यावर पालथी ठेवायच्या, आणि म्हणायच्या, "आमची साहेबीण टोपी घातल्याशिवाय जेवायला बसत नाही." धाकटीचा नवरा बस दुरुस्तीच्या कारखान्यात होता. येताना तो हात कोपरापर्यंत घासून यायचा आणि आल्या आल्या विचारायचा, "टोपी जागेवर आहे ना?" कारण एकदा ती चादरीच्या घडीत गेली होती आणि तिघांनी मिळून अर्धा तास गादी उलटीपालटी केली होती, मुलगी टाहो फोडत असताना.

हसणं वरवरचं होतं. टोपी घामानं सरकायची. मुलीचा हात लागला की निघून यायची, साचलेलं दूध मुलीच्या मानेवर ओघळायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून. एकेक पाजणं तासाचं व्हायचं. मुलगी अर्धवट पिऊन थकून झोपायची. धाकटी तिच्या तळपायाला टिचक्या मारून उठवायची आणि मनात म्हणायची, मी हिला पाजतेय की ही टोपी पाजतेय.

थोरली या खोलीत आली नव्हती. दवाखान्यातून आल्या दिवशी तिनं दारातून पाहिलं, "छान आहे" म्हणाली, आणि खाली गेली. धाकटीलाही तिला आत बोलवायचा धीर होत नव्हता. बाळ रडलं की ती घाईनं खिडकी लावायची, खाली आवाज जाऊ नये म्हणून. पण लाँड्रीचं छत म्हणजेच तिच्या खोलीची जमीन होती.

दहाव्या दिवशी वजन केलं. जन्माच्या वजनाला मुलगी अजून पोचली नव्हती. सिस्टर म्हणाली, "तीन दिवस बघू. नाहीतर वरून पावडरचं दूध सुरू करू. त्यात काही कमीपणा नाही." धाकटीनं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई दात दाखवायला गेल्या. मुलगी झोपलेली पाहून धाकटी आंघोळीला गेली. डोक्यावर पाणी घेतलं आणि रडणं सुरू झालं. तिनं घाईघाईनं साबण धुतला, तोवर रडणं थांबलं. एकदम थांबलं. ओल्या केसांनी, कसाबसा गाऊन अडकवून ती बाहेर धावली.

थोरली पलंगाच्या कडेला बसली होती. लाँड्रीचा जाड ॲप्रन एका खांद्यावरून खाली उतरवलेला. मुलगी तिला लागली होती. मधे काही नव्हतं. आणि खोलीत आवाज येत होता, घोट घेतल्याचा, एकामागून एक, थबकून पुन्हा. अकरा दिवसांत धाकटीनं हा आवाज ऐकला नव्हता.

थोरलीनं वर पाहिलं. तिचा चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा झाला होता.

"रडत होती म्हणून उचललं," ती म्हणाली. "नुसतं उचललं होतं. तीच वळली."

धाकटीच्या केसांतून पाणी टपकत होतं. मुलीला ओढून घ्यावंसं तिला वाटलं, आणि त्याच क्षणी हा आवाज थांबू नये असंही वाटलं. ती पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"पिऊ दे," ती म्हणाली.

मुलगी स्वतःहून सुटली, पोट भरून, ओठांच्या कोपऱ्यात दूध घेऊन. थोरलीनं तिला धाकटीच्या हातात दिलं आणि ॲप्रनच्या नाड्या बांधल्या.

"तुम्हाला गोळ्या दिल्या होत्या ना, ताई? दूध थांबायच्या?"

"घेतल्या नाहीत."

"मग?"

"रोज पिळून काढते मोरीत. पाणी सोडते वरून." थोरलीनं नाडीची गाठ पुन्हा घट्ट केली. "तेवढं एकच राहिलं होतं ना त्याचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई जरा आडव्या झाल्या तेव्हा धाकटीनं स्वतः जिन्याच्या तोंडाशी जाऊन हाक मारली, "ताई, जरा वर येता?" तिसऱ्या दिवशी हाक मारावी लागली नाही. दोघींनीही घरात कोणाला सांगितलं नाही. सांगू नये असं ठरलंही नव्हतं.

अशा दुपारी थोरली बोलायची. इतर वेळी तिच्या तोंडून शब्द निघत नसे.

"मुलगा होता," एकदा ती म्हणाली. "मला दाखवला नाही. तुझ्या थोरल्या दिरांनी पाहिला, आईंनी पाहिला. मला म्हणाले, तू बघू नकोस, बघितलंस तर विसरणं जड जाईल."

"कोण म्हणालं?"

"सगळेच. माझ्या भल्यासाठीच म्हणाले." तिनं मुलीच्या कानामागची लव बोटानं सारखी केली. "आता मी विसरू तरी कोणाला? चेहराच नाही."

धाकटीनं उठून तिला पाणी आणून दिलं.

तीन दिवसांनी सिस्टरनं वजन केलं आणि काटा पाहून ती हसली. "बघा. म्हटलं नव्हतं? शील्डनं काम केलं. चालू ठेवा." धाकटी "हो" म्हणाली. शेजारी नवरा उभा होता. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तिला आपण त्याच्या खिशातून काही काढून घेतल्यासारखं वाटलं.

मग मुलगी टोपीला कंटाळली. दुपारच्या त्या एका पाजण्यानं तिला कळलं होतं की दूध असंही येतं, सोपं, ऊन, अंगाच्या वासाचं. धाकटीनं टोपी लावून जवळ घेतलं की ती जिभेनं ढकलायची, मान फिरवायची. एका दुपारी थोरली दारात आली, आणि धाकटीच्या मांडीवर रडणारी मुलगी तिच्या पावलांच्या आवाजानं गप्प झाली. धाकटीला तसं वाटलं तरी. पंधरा-सोळा दिवसांच्या बाळाला काय कळतं, असं तिनं स्वतःला समजावलं. पण ते मनातून गेलं नाही.

दुसऱ्या सकाळी ती खाली लाँड्रीत गेली. थोरले दीर कपडे पोचवायला गेले होते. हँगरवर कोट रांगेनं लटकत होते, इस्त्रीची वाफ वर जात होती.

"ताई, आज वर नका येऊ," धाकटी म्हणाली.

थोरलीनं बाहीवरून इस्त्री फिरवली, बाही उलटली. "बरं. उद्या?"

"उद्याही नको."

थोरलीनं इस्त्री उभी करून ठेवली. "माझं काही चुकलं का?"

"नाही. तुमचं काही नाही चुकलं. ती माझं घेईना झालीय, ताई. टोपीचं घेत नाही. अशानं माझं आटून जाईल."

"मला माहीत होतं गं, ती माझी नाही," थोरली म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "मला कळत होतं सगळं. दुधाला तेवढं कळलं नाही."

धाकटीला वाटलं, आता आपण तिचा हात धरावा. पण धरला असता तर तिनं शब्द मागे घेतले असते. ती वर निघून आली.

त्या दुपारपासून थोरलीनं दूध काढणंही बंद केलं. तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला. दूध साठून गाठी आल्या, हात वर उचलता येईना. सासूबाई गार पाण्याच्या घड्या ठेवत होत्या आणि पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "इतक्या दिवसांनी हे कुठून उपटलं?" भिंतीपलीकडे धाकटी मुलीला घेऊन बसली होती. टोपी लावायची, मुलगी ढकलायची, पुन्हा लावायची. सिस्टरनं सांगितलं होतं तसं तिनं टोपीच्या टोकावर दुधाचे दोन थेंब पिळले, तेव्हा कुठे मुलगी लागली. पलीकडून थोरलीचं कण्हणं येत होतं. मधे एक भिंत होती आणि उठून जायला दहा पावलं. ती गेली नाही. मुलगी लागलीय, आता सुटली तर पुन्हा लागायची नाही, हे कारण खरंही होतं.

ताप उतरला. दूध गेलं. थोरली पुन्हा टेबलापाशी उभी राहिली. बाळासमोर आली की गालाला बोट लावायची, पण उचलून घेत नसे. महिन्याभरात थोरल्या दिरांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला दुकानाची जागा पाहिली, मागे एक खोली असलेली. "तिला बदल हवा," ते सासूबाईंना म्हणाले. सासूबाईंनी खूप समजावलं, पण ते ऐकेनात. थांबा म्हणायचा हक्क आपण घालवला, असं धाकटीला वाटत होतं.

निघायच्या दोन दिवस आधी सकाळी टोपी पातेल्यात उकळत होती आणि मुलगी धीर धरत नव्हती. धाकटीनं तिला नुसतंच छातीशी धरलं, शांत व्हावी म्हणून. मुलीनं तोंड उघडलं आणि धरलं. निसटली, पुन्हा धरलं. आणि मग तो आवाज आला, घोटाचा. धाकटी श्वास रोखून बसून राहिली. पातेल्यातलं पाणी आटत आलं होतं, तरी ती उठली नाही.

हे पहिल्यांदा कोणाला सांगावंसं वाटलं तर थोरलीला. मुलगी झोपल्यावर ती शेजारच्या खोलीत गेली. थोरली जमिनीवर बसून भांडी कागदात गुंडाळत होती.

"ताई, आज टोपीशिवाय प्यायली."

थोरलीचे हात थांबले. "पोटभर?"

"पोटभर."

"चांगलं झालं." तिनं वाटी कागदात गुंडाळली, कोपरे नीट दुमडले. मग वर पाहिलं. "दुखलं का?"

"नाही."

"हो," थोरली म्हणाली. "मलाही दुखायचं नाही."

धाकटी तिच्याजवळ जमिनीवर बसली. जुन्या कागदांचा गठ्ठा तिनं पुढे ओढला, एक पेला उचलला आणि गुंडाळायला लागली. जेवायची वेळ होऊन सासूबाईंनी हाक मारेपर्यंत दोघी गुंडाळत राहिल्या.